फूटव्हॉल्व्ह

मगदूम डॉक्टरबाईंनी पडद्यावर हृदय दाखवलं.
राखाडी. पाण्यात बुडवलेल्या चिंधीसारखं हलणारं.
म्हणाल्या, काका, हा तुमचा व्हॉल्व्ह,
पाकळ्यांवर क्षार चढलाय, पुरत्या उघडत नाहीत.
मी म्हटलं, बाई, हे मला नका सांगू.
सावळज ते मणेराजुरी, चाळीस वर्षं
विहिरींच्या तळातनं हेच तर वर काढलंय:
चुन्यानं धरलेलं, कडक झालेलं.
मोटर बोंबलतेय
आणि पाटात पाणी करंगळीएवढं.

माझंही तसंच. बेदाण्याच्या शेडचा जिना, सात पायऱ्या,
चौथीला डोळ्यापुढं काळं.

फूटव्हॉल्व्ह बदलायचा तर घोडी उभारावी लागते,
चेनपुली, चार गडी, गंजलेले नट,
एकेक पाईप वर घेत दिवस मावळतो.
माझ्या साडूला पुण्यात असंच खोललं होतं, मधोमध.
वर्ष सरलं तरी
शिंक आली की तो उशी छातीशी धरायचा.

पाईप न उचलता काम करणारा मला एकच माहीत,
मुबारक शिकलगार.
कमरेला दोर बांधून तो पाईपच्या कडेनं खाली जायचा,
डोळे मिटून. तळाला डोळ्यांचा उपयोग नसतो.
बोटांनी जाळी चाचपायची,
चिंचेचा पाला, कधी खेकडा, कधी कुणाची फाटकी चप्पल.
मी वर दोर धरून आकडे मोजायचो.
साठाच्या पुढं गेलं की माझ्याच घशात पाणी.
तो वर आला की मालक म्हणायचा,
एवढंच? काय केलंसा तरी काय?
आणि निम्मे पैसे द्यायचा.

मिरजेला टेबलावर झोपवलं. जांघेत मुंगी चावल्यासारखं.
तिथनं एक तार आत शिरली,
तिच्यावरनं नवा व्हॉल्व्ह, मिटलेल्या छत्रीएवढा अंग चोरून.
गाईच्या हृदयावरच्या पिशवीचा आहे, चालेल ना?
बाईंनी आदल्या दिवशी हळूच विचारलं होतं.
मी जन्मभर म्हशीच्या कातड्याचे वॉशर कापले,
एरंडेलात भिजवून.
मी विचारलं, टिकतो किती?
जुना काढणार नाही म्हणाल्या,
भिंतीला रेटून त्याच्यातच नवा उघडणार.
आमच्यात याला जुगाड म्हणतात.
बोललो नाही. ट्रॅक्टरपेक्षा महाग जुगाड.

आता थोडा वेळ हृदय पळवणार, काका. घाबरू नका.
पळवलं.
इतकं, की नुसतंच फिरत राहिलं, वर थेंब चढेना.
मी तळाला होतो. हिरवट काळं,
वर रुपयाएवढं आभाळ, त्यात कुणाचं तरी डोकं.
सवयीनं मोजायला लागलो, एक, दोन,
मग ध्यानात आलं,
दोर माझ्या हातात नाही,
माझ्या कमरेला आहे.
पाच. सहा. इतकी वर्षं
मी वरनं विचारलंच नाही त्याला, खाली कसं असतं.
अकरा.

आणि पाणी आलं.
आधी कानात. मग पार खाली,
पायाच्या अंगठ्यात ऊब, दोन वर्षांनी.

तिसऱ्या दिवशी मुबारक आला, पुडीत बेदाणे घेऊन.
आता त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
पाण्यानं पडदा नेला, कुठल्या विहिरीत ते त्यालाही आठवत नाही.
चादर उचलून त्यानं जांघेतली पट्टी बघितली,
बोटाच्या पेराएवढी.
म्हणाला, एवढंच?
मी म्हटलं, मालकावानी बोलू नगंस.

तो हसला. मग वाकला,
उजवा कान माझ्या छातीवर टेकवला,
खोबरेल तेलाचा वास, पांढरे खुंट टोचणारे.
खूप वेळ.
मी म्हटलं, काय ऐकू येतंय का रं?

गप, म्हणाला.
मोजतोय.