तिथला

पाथरवट अक्षरागणिक पैसे घेतो.
चुबुतच्या खोऱ्यातला वारा
निम्मं बोलणं उचलून नेतो, म्हणून दोनदा सांगते:
गेर्सोम.
तो कागदावर गेर्सोन लिहितो.

चूक त्याचीही नाही.
नोंदणी कचेरीत, शाळेत, लष्कराच्या कार्डावर
बाबा जन्मभर न-च होते.
म फक्त घरात,
आणि रविवारी, चॅपलच्या तिसऱ्या बाकावर.

नाव आजोबांनी ठेवलं, नदी फुटून
गव्हाची गंजी समुद्राला मिळाली त्या साली.
दाई अजून हात पुसत होती.
त्यांनी वेल्श बायबल उघडलं: मोशे मिद्यानात,
सासऱ्याच्या घरी, पहिला मुलगा झालेला.
गेर म्हणजे उपरा. शाम म्हणजे तिथे.
झालं बारसं.

पुढे कुणा शिकलेल्या पाळकाने सांगितलं,
मूळ धातू वेगळाच असावा: हाकलणे.
त्याच पानावर, थोडं वर,
विहिरीवरून धनगर पोरींना हुसकावतात ना,
तेच क्रियापद.
आजोबांनी पाइप झटकला.
वेल्श बोलल्याबद्दल गळ्यात लाकडी पाटी घालून
शाळेत उभं राहिलेलं पोर होतं ते एकेकाळी.
म्हणाले, "दोन्ही चालतील."

मी मात्र शामपाशी अडते.
इथे का नाही?
मांडीवर मूल घेऊन बाप 'तिथे' म्हणतो,
तेव्हा त्याचं बोट कुठे असतं?

आजीचं बोट पावसाळी डोंगराकडे असायचं,
स्लेटच्या खाणीकडे.
तिच्या दारात ग्वानाकोचं मांस देऊन
पाव नेणारी तेवेल्चे बाई यायची.
तिच्यासाठी हे सगळं 'इथे' होतं.
तिच्या मुलाच्या नावाचा अर्थ
आमच्यात कुणी विचारला नाही.

त्रेसष्टाव्या वर्षी बाबा बोटीने गेले एकदा.
बेथेस्डात एकाला वेल्शमध्ये वाट विचारली.
माणूस कौतुकाने थांबला:
"किती जुनं बोलता हो! कुठले तुम्ही?"
परत आल्यावर पाव कापता कापता
एवढंच सांगितलं त्यांनी,
"तिथेही तिथेच."
मग लोणी मागितलं.

पाथरवट छिन्नी धरून ताटकळलाय.
त्यांच्या लहान लिपीत
न-ला आणखी एक कमान काढली
की म होतो.
"काढ," मी म्हणते.
तो दगडावर बोटाने जागा मोजतो,
हिशेब करतो,
आणि म्हणतो,
कमानीचे पैसे नकोत.