डावं-उजवं

दाब, म्हणते दारेजान.
मी दाबतो.
पेडल खाली जातं, जातच राहतं,
कणकेत अंगठा रुतावा तसा बूट तळाला टेकतो.
धर.
मी धरतो.
चाकामागे पाना फिरतो, नळीत काहीतरी चुळबुळतं.
सोड.

तीन संध्याकाळी झाल्या,
आमच्या संसारात एवढेच शब्द उरलेत.

मी आलवानीच्या शाळेत भूगोल शिकवतो.
अबानो खिंड अठ्ठावीसशे मीटरच्या वर,
हे फळ्यावर लिहून देतो आणि डस्टर झटकतो.
दारेजान ती उंची उन्हाळाभर चढते, उतरते,
मेंढपाळ, त्यांची कुत्री, कातडी पिशव्यांत भरलेलं चीज,
पाठीवर घर बांधलेली परदेशी पोरं,
सगळं त्या जुन्या जपानी डेलिकात कोंबून.
गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, आणि आम्ही चालवतोही उजवीकडूनच,
म्हणजे जाताना नाहीतर येताना
दरी नेमकी तिच्या कोपराखाली येते.

पुढचे दोन्ही कॅलिपर तिनेच बदलले,
रुस्तावीच्या बाजारातून एकाच गोणत्यात आणलेले.
मग हवा काढायला बसलो.
लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते.
इतरांचं लांबचं चाक मागचं उजवं,
आमचं मागचं डावं.
जोंजोलीच्या लोणच्याची रिकामी बरणी,
तिच्यात वाइन उपसायची नळी बुडवलेली.
बुडबुडे आले. बुडबुडे थांबले.
चारही चाकं झाली, ऑइलचे दोन डबे संपले,
पेडल तसंच.

गुराम म्हणाला, मास्टर सिलिंडर गेला.
त्याची बायको म्हणाली, ऑइल स्वस्तातलं दिसतंय.
पलीकडच्या बादूरने गाडीची किंमत विचारली;
ब्रेक धड होते तेव्हा कधी विचारली नव्हती.
आणि एकाने माझ्याकडेच बघितलं,
मास्तर, नीट दाबताय ना?

कुठेतरी पाणी मुरतं, असं म्हणायची रीत आहे.
इथे पाणी मुरलं असतं तर बरं,
निदान ते दबलं नसतं.
हवा दबते. हो हो म्हणते, मान डोलावते,
आणि चाकापर्यंत काहीच पोचवत नाही.
मला तिचा राग येत नव्हता.
मुख्याध्यापकांच्या बैठकीत मीही असाच बसतो.

अक्रोडाखाली माझे सासरे, वार्लाम.
ऐंशी उलटली, एका कानाने ऐकू येतं,
आयुष्यात गाडी चालवली नाही, मेंढरं चालवली.
तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी विचारलं,
चीजच्या पिशवीतली हवा काढताना तोंड कुठे धरतेस?
वर, दारेजान म्हणाली.
आणि याचं तोंड कुठे आहे?

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग बॅटरी घेऊन आत वाकली.
हवेचा स्क्रू कॅलिपरच्या तळाशी.
दुसऱ्या बाजूलाही तळाशी.
हवा वर, छताला चिकटून बसलेली,
आणि आम्ही तीन दिवस तळघराचं दार उघडझाप करत होतो.
डावा उजवीकडे लागला होता, उजवा डावीकडे.
एका हाताचं दुसऱ्या हाताला कळू नये म्हणतात,
माझ्या बायकोने ते नटबोल्टांत पाळलं होतं.
तिने एक शिवी दिली, रुस्तावीला नाही, स्वतःला.
मी ऐकलं नाही असं दाखवलं.

अदलाबदल होईतो अंधार पडला.
दाब.
धर.
बरणीत हेझलनटएवढा एक बुडबुडा आला,
मागून त्याची पिल्लं.
पुन्हा. पुन्हा.
सहाव्या खेपेला पेडल अर्ध्यावर थांबलं,
जणू पलीकडून कोणी पाय लावून उभं राहिलंय.
सोड, ती म्हणाली.
मी जरा उशिरा सोडलं.

सकाळी ती निघाली. सहा प्रवासी, चीजच्या रिकाम्या पिशव्या.
मी दारात उभा, हातात ती बरणी,
ती आता कुठल्याच लोणच्याला चालणार नव्हती.
गल्लीच्या टोकाला मागचे लाल दिवे लागले,
विझले,
पुन्हा लागले.
तिथे ना गाय होती, ना वळण.