रापीची खूण

तेवीस एप्रिल. अमळनेर. पारा पंचेचाळीसवर.
बोरीच्या पात्रात नुसती वाळू चमकतेय
आणि निकुंभ सर फळ्यावर लिहितायत
एका परक्या नाटककाराचा जन्मदिवस,
जो त्याचा मृत्युदिनही आहे म्हणे.
आम्ही सात जण. पंखा एक, तोही कुरकुरता.

एवढी नाटकं, एवढ्या कविता,
पण हातचं पत्र एकही मागे नाही, सर सांगतात.
सह्या तेवढ्या सहा,
आणि त्यांतही नावाचं स्पेलिंग जुळत नाही.
यात काय नवल, मी मनात म्हणतो.
माझा बाप रेशनकार्डावर बुधा,
माझ्या दाखल्यावर बुधो,
मतदारयादीत थेट बुद्धा.

मग पान उलटता उलटता, घाईत :
"वडील हातमोजे करायचे. चामड्याचे."
आणि सर माझ्याकडे बघून
लगेच खिडकीबाहेर बघतात.

संध्याकाळी स्टँडजवळ बापाच्या छत्रीखाली
मी सगळं सांगितलं.
प्लेगात बंद पडलेली थिएटरं,
अकराव्या वर्षी गेलेला मुलगा,
मृत्युपत्रात बायकोच्या नावे
घरातली दोन नंबरची खाट.
तो टाच शिवत राहिला, मेणाचा दोरा दातात.
चामड्यापाशी आलो तेव्हा आरी थांबली.

"त्याना बाप चामडं शिवे?"
हो.
"कोनतं? बैलनं का बकरीनं?"
बकरीचं. हरणाचंही.
"ते मऊ ऱ्हास. बोटसवर चांगलं बसस."
चोपड्याची एसटी धूळ उडवत गेली.
"आन पोऱ्याले शाळामा कोठे बसाडेत?"

हे सरांच्या नोट्समध्ये नव्हतं.
चारशे वर्षांच्या टीकाग्रंथांत असेल तर मला ठाऊक नाही.
मी म्हटलं, बाकावर. सगळ्यांबरोबर.
त्याने दोरा तोडला.

तरुणपणी तो मोटा शिवायचा.
अख्ख्या शिवाराचं पाणी त्याच्या टाक्यांतून वर यायचं,
थेंब गळायचा नाही.
मोट विहिरीत उतरायची,
तो लांब उभा, ओंजळ करून.
मग इंजिनं आली.

उठता उठता मी शेवटचं सांगितलं :
त्या बापालाही लिहिता येत नसे.
कागदावर सहीच्या जागी
तो आपल्या हत्याराचं चित्र काढायचा.

सोमवारी बँकेत
बापाने शाईचं पॅड बाजूला सारलं,
पेन मागितलं,
जीभ दाताखाली धरून काढली
चंद्रकोरीसारखी रापी, खाली मूठ.
"हे काय बाबा?"
"सही."
क्लार्क चांगला होता. ओरडला नाही.
फॉर्म चुरगाळला, दुसरा दिला,
बापाचा अंगठा स्वतः धरून टेकवला.

चुरगाळलेला मी टोपलीतून उचलला.
इस्त्री करून
त्या जाड पुस्तकात ठेवलाय,
जिथे नाटकं संपतात, कविता सुरू होतात, तिथे.

बुधवारी पेपर आहे.
पहिला प्रश्न दरवर्षीचाच, दहा मार्कांचा :
नाटककाराच्या घराण्याविषयी
थोडक्यात माहिती लिहा.