अंदाजे पन्नास

वय विचारलं की बायका आधी नवऱ्याकडे बघतात,
तो बाहेर गेला असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.
"लिहा की पन्नास."
माझ्या नोंदवहीत म्हणून पन्नास वर्षांच्या बायका फार,
पंचेचाळीसच्याही पुष्कळ,
सत्तेचाळीसची एकटी कुमुदिनी हिंगमिरे,
नाशिक रोडच्या प्रेसमधली. नोटा मोजायची सवय.
जन्मतारीख, वार आणि वेळ सांगून मोकळी.

मी डॉक्टर नाही.
तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारी माझं टेबल.
गाठ किती सेंटिमीटरची, ते वरून लिहून येतं.
मी उरलेलं विचारते:
गाव, शिक्षण, घरात कमावतं कोण,
मुलांना अंगावर किती वर्षं पाजलं,
दुखणं अंगावर किती दिवस काढलं.
एकच शब्द, दोन रकाने.

गाठ हाताला लागली कधी?
कुमुदिनी म्हणाली, "मंगळवारी. आज शुक्रवार."
सुरगाण्याकडची जानकी गावित म्हणाली,
"नागलीची आवणी चालू होती."
यंदाची?
ती हसली, पदर दाताखाली धरून, एका खांद्यानं.
"गेल्याच्या गेल्या सालची."

दर मार्चला पुण्याहून एक मुलगा येतो,
माझ्या रकान्यांच्या रेषा काढतो.
वरची दहावीपुढे शिकलेल्यांची, खालची अंगठ्यांची.
दोन्ही एकाच उंबऱ्यावरून निघतात
आणि वर्ष संपायच्या आत खालची जिना उतरायला लागते.
"शिक्षणाचा परिणाम," तो म्हणतो.
मी म्हणते, बाळा, गाठीला वाचता येत नाही.
पाड्यावरून पहिली एसटी किती वाजता, तो रकाना कुठाय?
केमोच्या दिवशी शेळ्या कोण सोडतं?
तो नम्र आहे. लिहून घेतो.
पुढच्या मार्चला तोच फॉर्म येतो.

आणि कुमुदिनी,
मंगळवार ते शुक्रवार एवढाच उशीर केलेली,
पदवीधर, विमा असलेली, स्कूटरनं दहा मिनिटांवर राहणारी,
दुसऱ्या दिवाळीला गेली.
वरच्या रेषेतली एक बारीक पायरी तिची आहे.
बोट ठेवून दाखवीन.

जानकीनं आठातले चार केमो घेतले. मग नाही आली.
शुक्रवारी दुपारी मी फोन लावते. नंबर जावयाचा, बंद.
फॉर्मवर तीन चौकोन: जिवंत, मृत, पत्ता नाही.
मी तिसऱ्यात खूण केली.
पत्ता तर होता. पाड्याचं नाव, पिनकोडसकट.

या चैत्रात खिडकीशी एक बाई. नवा केसपेपर.
जानकी भोये. राहणार म्हसरूळ, बहिणीकडे.
काम द्राक्षाच्या पॅकिंगला, दिंडोरी रोडवर.
वय?
"लिहा की पन्नास."
गाठीला किती वर्षं झाली?
ती हसली. पदर दाताखाली, एका खांद्यानं.

योजनेला रेशनकार्ड लागतं. कार्ड नवऱ्याचं.
तो म्हणाला, एका छातीच्या बाईला कार्ड कशाला.
मग भावाच्या कार्डात नाव घातलं, माहेरचं,
आणि उरलेले चार सिव्हिलला घेतले.
पाच वर्षं माझ्या वहीत ती नव्हती,
आणि रोज सकाळी आठला
घडाच्या सडक्या मण्यांना कात्री लावत होती.

मी दोन ओळींची एक केली.
'विवाहित' खोडलं. पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही.
पुण्याच्या मुलाला कळवलं.
तो म्हणाला, रेषेत फरक पडेल तो केसाएवढा.
केस, मी म्हटलं, तिचे परत आलेत. दाट.

आता प्रत्येकीला मी एक जादा विचारते,
माहेरचं आडनाव.
त्याला रकाना नाही. समासात, पेन्सिलीनं.

तिसऱ्या चौकोनात अजून साठेक जणी आहेत.
आज शुक्रवार. उंबरठाणच्या एका दुकानात फोन वाजतो,
मागे पिठाची गिरणी चालू,
कुणीतरी ओरडून विचारतं, "कोण पाहिजे?"
मी दोन्ही नावं सांगते.