उलटी बाजू

चादरीवर काळे ठिपके दिसले तेव्हा
मी खिडकीला दोष दिला.
वास्कोत कुणीही तेच केलं असतं.
बंदरावर कोळसा उतरला की
उशा, वाळत घातलेले पापड, तुळशीची पानं,
सगळीकडे त्याची हजेरी लागते.
पण कोळसा फुंकला की उडतो.
हे ओल्या बोटाने पुसले
तर तपकिरी होऊन पसरले,
स्वस्त कागदावर शाई फुटते तसे.

मग दंडावर चट्टे. एका ओळीत तीन,
एक टाका सुटल्यासारखी जागा, मग चौथा.
चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी.
इतकी सरळ टीप डास घालत नाही,
हे मला तरी कळायला हवं होतं.
मी मच्छरदाणी धुतली.

खालच्या खोलीत पबित्र बेहेरा राहायचा,
ओडिशाचा, गोदीत वेल्डिंग करणारा.
भाडं पाच तारखेला, रबर लावून.
माझा हात बघून तो दारातच थांबला.
म्हणाला, काकी, गादीची शिवण बघा.
पायपिंगच्या आत. पलंगाच्या स्क्रूच्या भोकात.
रात्री तीनला जायचं, दिवा न लावता,
आणि एकदम टॉर्च.
साली मिळतील, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या, आत कुणी नाही.
अंडी रव्याच्या कणाएवढी, चिकटलेली.
खोली बंद राहिली की वास येतो,
पिशवीत कोथिंबीर सडली तसा, जरा गोडसर.

हे सगळं तो किती पत्र्यांच्या शेडमध्ये
किती जणांच्या मध्ये झोपून शिकला असेल,
ते मी विचारलं नाही.
मी विचारलं,
तुला रे एवढं कसं माहीत?

शब्द साधेच होते.

रविवारी त्याने खोली सोडली.
पोदेराचा भोंपू वळणावर वाजत होता,
तो ट्रंक खांद्यावर घेऊन उतार उतरला.
अकराशे रुपये मी परत देत होते.
म्हणाला, असू दे, पंख्याचं बिल आहे ना.

मी खोलीत रॉकेल फवारलं, फिनेल ओतलं,
आणि शेजारच्या फिलोमेनाला गॅलरीतून सांगितलं,
खालून येत होते गं. आता गेले.

पाचव्या रात्री मानेवर टीप पडली.

मी टॉर्च घेतली. आधी खालीच गेले,
हेही सांगून टाकते, आधी खालीच गेले.
त्याने वापरलेली गादी भिंतीला उभी होती.
कात्रीने तिची कड उसवली, कोपरे उलटे केले.
कापूस. पांढरा. रॉकेलचा वास.
एका जागी फाटलं होतं तिथे
कुणीतरी जाड दोऱ्याने, पुरुषी हाताने,
पण नीट, रफू केलं होतं.

मग वर आले, माझ्या पलंगाशी.
माझ्या गादीच्या पायपिंगमध्ये
गंज चढल्यासारखी रेघ होती.
साली होत्या. रवा होता.
आणि एक जण चालत होता,
मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, कसलीही घाई नसलेला,
घर त्याचं असल्यासारखा.
त्याच्या मागे मागे टॉर्च पलंगाखाली गेली
आणि कृपेशच्या निळ्या सूटकेसवर थांबली.

माझा कृपेश. डिसेंबरात बोटीवरून आला तेव्हा
या सूटकेसमधून चॉकलेटं निघाली,
माझ्यासाठी घडी न मोडलेली शाल निघाली.
झिपच्या अस्तरात, सात बंदरांच्या स्टिकरांखाली,
आख्खी वस्ती.

शिवलेलं उसवता येतं.
फिलोमेनाला सांगितलेलं वाक्य
दुपारपर्यंत कॉलनीच्या टाकीपर्यंत गेलं होतं.

आज पबित्रला फोन लावला.
मागे वेल्डिंगची चरचर, कुणीतरी त्याला हाक मारतंय.
मी म्हटलं, सापडले रे.
कुठे, काकी?
शिवणीत, मी म्हटलं. तू सांगितलंस तिथेच.

कुणाच्या,
ते त्याने विचारलं नाही.
मीही फोन धरून बसले,
चरचर थांबेपर्यंत.