नोंद आढळत नाही

पत्र निळ्या शाईत होतं, बिनरेघी कागदावर,
तरी ओळी सरळ.
"महोदय,"
(या खुर्चीत चार वर्षं मीच बसते, तरी महोदय)
"एकसष्ट नंबरच्या बसची मागल्या हिवाळ्यातली नोंद हवी.
क्वारी टेरेसच्या थांब्यावर
किती माणसं चढली, दिवसवार.
आपली, एलुनेड प्रॉसर."

मी पोच दिली. अर्ज क्रमांक दोनशे सात.
कामाचे वीस दिवस, शनिवार-रविवार वगळून,
नाताळ मध्ये आलाच तर तोही वगळून.
त्या आठवड्यात आणखी अकरा अर्ज होते:
खड्डे, कचऱ्याचे डबे, महापौरांच्या जेवणाचं बिल.

बाराव्या दिवशी बस कंपनीची फाईल आली.
बाजारचौक नऊ. चॅपल चार. दवाखाना सहा.
क्वारी टेरेस शून्य.
शून्य.
शून्य.
नोव्हेंबर ते मार्च, एकाखाली एक,
जणू कुणी त्या डोंगरावरून
हातातल्या बांगड्या एकेक करून
घरंगळत सोडल्या होत्या.

याच आकड्यांवर समितीने एप्रिलमध्ये हात वर केले.
सात विरुद्ध दोन. एकसष्ट बंद.
इतिवृत्त मीच टाइप केलेलं.

उत्तर लिहिलं: सदर थांब्यावर
प्रवासी चढल्याची नोंद आढळत नाही.
नियमाप्रमाणे दोन भाषांत, आधी वेल्श, मग इंग्रजी.
शून्य दोन्हीकडे सारखंच दिसतं,
तेवढं काम वाचलं.

आठ दिवसांनी पुन्हा निळी शाई.

"मॅडम,"
(कुणीतरी सांगितलं असावं)
"मी रोज चढत होते. सव्वानऊला.
थंडीत माझी बोटं मिटतात, पाकिटातून पास निघत नाही.
पहिल्या दिवशी बस खोळंबली.
ड्रायव्हर म्हणाला, बसा हो,
तुम्हाला कोण ओळखत नाही?
त्यानंतर त्याने पास कधी मागितलाच नाही.
मशीन वाजलं नाही, एवढंच.
त्याचं नाव लिहीत नाही. विचारू नका."

विचारायला कशाला हवं.
ड्युटीचा तक्ता माझ्यासमोरच होता.
वैयक्तिक माहिती झाकावी, असा नियम;
मी काळी पट्टी ओढली,
आणि पट्टीखाली गेथिन प्रॉबर्ट होता तसाच राहिला,
माझ्या भावाच्या वर्गातला,
सहलीला स्वतःची सँडविचं वाटून
घरी उपाशी येणारा.

पास तसाही फुकटचा.
कुणाचा पैसा बुडाला नाही.
बस बुडाली.

ओळखत होता, म्हणून मोजलं नाही त्याने.
आम्ही मोजलं,
आम्ही कुठे ओळखत होतो.

आता काय लिहू?
जी माहिती आहे, ती द्यावी.
जी नाही, ती तयार करण्यास कौन्सिल बांधील नाही.
ते कलम मी तीनदा वाचलं.
तीनदा तेच होतं.
तिच्या बोटांसाठी रकाना नाही,
"बसा हो" साठीही नाही,
आणि साडेतीन मैल उतार, परतताना तोच चढ,
हे अंतर फक्त रस्ते विभागाच्या नकाशात आहे,
तेही किलोमीटरमध्ये.

मग पाकीट उलटून पाहिलं.
तिकीट नव्हतं त्यावर.
रात्री आमच्या दारातल्या पेटीत हाताने टाकलेलं.
रात्रभर गारा पडत होत्या, सकाळी पायऱ्यांवर खच होता,
आणि पाकीट कोरडं.
कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा,
काळसर, इंजिनच्या तेलाचा.

अर्ज क्रमांक दोनशे एकतीस. फेरविचारासाठी.
येईल तो प्रत्येक कागद स्कॅन करायचा असतो.
पाकीट काचेवर ठेवून मी उभी राहिले बराच वेळ:
ठसा वैयक्तिक माहितीत धरायचा का,
ठरेना.
मागून हाऊल आला, म्हणाला, मशीन बिघडलंय का?
नाही म्हटलं.
चालू आहे.