गॅरेजसाठी हीटर

डिसेंबरात लोक पंखे आणून टाकतात.
उन्हाळ्यात पंख्याला हात लावू देत नाहीत,
आता म्हणतात, घाई नाही, सावकाश होऊ दे.
सावकाशच होतं.
कोपरखैरण्याला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर,
पहाटे गॅरेजचं शटर वर करताना
पत्रा हाताला चावतो.

पुण्याची जाऊ फोनवर हसली.
पंधरा डिग्री? आणि याला तुम्ही थंडी म्हणता?
तिला काय सांगू,
छत्तीस गेजची तार आकडा विचारत नाही,
बोटाला विचारते.
बोट दोनशेदहाव्या वेढ्याला जरा अडखळलं
की तुटते. आवाजसुद्धा करत नाही.
मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

वाइंडिंग खात्यात आम्ही चौदा जणी होतो.
बायकांची बोटं बारीक म्हणून घेतलं, असं साहेब म्हणायचे.
पगारही बारीक होता, ते नाही म्हणायचे.
तिथे भट्टी होती. वार्निशात बुडवलेल्या कॉइली
रात्रभर तिच्यात भाजायच्या
आणि तिसऱ्या पाळीला फ्लोरीन डिमेलो
भट्टीच्या दाराशी पाठ शेकत डबा खायची.
कंपनी गेली. भट्टी भंगारात किलोवर गेली.
बोटं मी घरी घेऊन आले.

वाशीच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "मावशी, एसी दाखवू?"
हीटर मागे होते, धुळीत. तीनच.

पहिला लाल तारांचा. बटण दाबलं की तोंडावर ऊन.
स्वस्त.
पण माझ्याकडे वार्निश, थिनर, चिंध्यांचा डबा.
अशा घरी निखाऱ्याला कोण जेवायला बोलावतं?

दुसरा फुंकणारा. म्हणजे पंखाच, पोटात विस्तव घातलेला.
तिथेच कान लावून ऐकला:
बुश पहिल्या हिवाळ्यातच जाणार.
शिवाय ओल्या वार्निशवर धूळ उडवणार.
"गॅरंटी आहे, मावशी."
म्हटलं, असू दे तुझ्याकडे.

तिसरा तेलाचा. नऊ पाकळ्यांचा, चाकांवर,
गाभण शेळीसारखा एका जागी उभा.
चालू केला, हात ठेवला. गार.
पोराशी बोलत राहिले, गाव कुठलं, शिकलास किती,
त्याची धाकटी बहीण नर्सिंगला आहे इथवर आलो
तेव्हा कळलं, हात मघाच ऊबला होता.

दोन हजार वॅट. म्हणजे पंचवीस पंखे एकदम.
मी सगळं पंख्यांतच मोजते.
वीजबिल मांडलं, सोडलं, पुन्हा मांडलं,
तीन कूलरच्या मोटारी आणि बर्व्यांचा टेबलफॅन
त्यात घातला, तरी थोडं उरलंच.
घेतला.
सोळा अँपियरचा पॉइंट मी स्वतः ओढला, अर्थिंग तपासून.
नवऱ्याने फक्त बॅटरी धरली,
तीही माझ्या डोळ्यांवर.

गेल्या हिवाळ्यात मोजून एकोणीस रात्री लागला.
जाऊ म्हणते, एकोणीस रात्रींसाठी एवढे पैसे!
बरोबर आहे तिचं.
कॉइली आता हातभर अंतरावर उभ्या असतात,
वळचणीच्या कोंबड्यांसारख्या,
आणि सकाळपर्यंत बोटाला चिकटत नाहीत.

एक मात्र दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.
बारा वर्षं याला माझा भंगारखाना म्हणणारा माणूस
आता पेपर घेऊन इथे येऊन बसतो.
पेपर संपला की मटार सोलतो.
मटार संपले की विचारतो, "कितवा वेढा?"
आणि माझा गेलेला असतो.

म्हणून आता वेढे तोच मोजतो. मोठ्याने.
एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे नव्वद...
एक गाळला.
मी काही बोलत नाही.
तार ओढत राहते, माझ्या हिशोबाने.